साडीगार्ड नसलेली गाडी

पदराचं एक टोक मागच्या चाकात आणि साखळीत गुंडाळलं गेलं होतं आणि दुसऱ्या टोकाला तिची मान होती. गाडी आडवी पडली होती. माझी नातसून गाडीला चिकटून पालथी पडली होती, तोंड टायरकडं ओढलेलं, ओठ काळेनिळे. तिच्या टाचा डांबर खरवडत होत्या. नातू बाजूला उभा होता, हेल्मेट डोक्यात तसंच. "पदर, पदर," एवढंच म्हणत होता. त्याला खरचटलंही नव्हतं.

मी मुलाच्या गाडीवर मागं बसले होते. गाडी थांबायच्या आतच उतरायला गेले आणि पडले. गुडघे फुटले ते नंतर दिसलं. कापड आणि मान यांच्यामध्ये बोट घालून बघितलं, बोट जात नव्हतं. मुलगा ओरडला, "गिअर काढ! न्यूट्रल कर आधी!" नातू हलला नाही. मग मुलानंच खाली बसून हातानं गिअर काढला आणि चाक उलटं फिरवायला लागला. साखळीत साडीचा जरीचा काठ बसला होता, तो सुटेना. माझ्या कमरेच्या चंचीत सुपारीचा अडकित्ता होता. त्यानं मी ताणलेला पदर कापायला घेतला. अडकित्त्यात कापड दुमडतं, कापत नाही. थोडं थोडं चावून घेत गेले. जरीला दात लावले. शेवटी पदर फाटला आणि तिची मान सैल पडली. तिनं श्वास घेतला तेव्हा जो आवाज आला, तसा मी मरत्या जनावराचाही ऐकलेला नाही.

"जिती हाय," मुलगा म्हणाला.

"बोलत बसू नगंस. गाडी थांबव कुणाची तरी."

कोंबड्या पोचवून परत निघालेला एक टेम्पो थांबला. रिकाम्या खुराड्यांच्या मध्ये पोती पसरून तिला ठेवलं. मी तिचं डोकं मांडीवर धरलं. सगळीकडं पिसं आणि कोंबड्यांची घाण. भोर येईपर्यंत मी फक्त तिच्या छातीकडं बघत होते, हलते की नाही.

हे कसं झालं ते नीट सांगते, कारण आमच्याकडं जो तो आपल्या सोयीनं सांगतो.

आमची वाडी वेल्ह्याच्या अंगाला, डोंगरात. शेरडं, मेंढरं, म्हशी, हेच काम. माझी शाळा चौथीपर्यंत. शनिवार-रविवार मी पालीला उतरते आणि राजगडाच्या वाटेवर ताक विकते. तिथं पुण्याची पोरं गाड्या लावतात. बरीच वर्षं त्यांच्या गाड्यांशेजारी बसल्यामुळं मला कळतं, कोण कसा आहे. गाडीवरून उतरला की माणूस पाणी मागायच्या आधी शेजारच्याच्या गाडीकडं बघतो. किती सीसीची, हे पहिलं. शंभर सीसीवर आलेला आपली गाडी लांब, झाडाच्या आडोशाला लावतो. साडेतीनशेवाला भर वाटेत लावतो आणि माझी ताकाची कळशी सरकवायला सांगतो.

एकदा एकाला मी विचारलं होतं, सीसी म्हणजे काय रे बाबा. चांगला शिकलेला होता. म्हणाला, "आजी, इंजिनात जागा किती आहे ते."

"म्हणजे चरवी केवढी ते."

"हां, तसंच."

"मग दूध किती देती?"

तो हसला आणि ते सगळ्यांना सांगत सुटला. दिवसभर जो येईल तो मला विचारत होता, आजी आमची गाडी किती दूध देईल.

आमचे जुने पुरुष काही शहाणे नव्हते. माझ्या नवऱ्याच्या वेळी मेंढ्यावरनं चालायचं. कुणाचा मेंढा टकरीत हटत नाही, त्यावरनं मारामाऱ्या व्हायच्या. आमच्याकडं एक घोडं होतं, बुटकं, बिऱ्हाड वाहायला. त्यावर कुणी नवऱ्याला हसलं की तो घरी येऊन माझ्यावर ओरडायचा. पुरुषाला बाहेर कुणी हसलं की घरात काहीतरी फुटतं, हे मला लग्न झाल्या वर्षापासून ठाऊक आहे. फरक एवढाच, घोडं दमलं की बसायचं. त्याला पुढं हाकलता यायचं नाही.

मुलानं मोटारसायकल घेतली ती शंभर सीसीची. दोन्ही अंगांना दुधाचे कॅन, मागं पेंडीचं पोतं. त्या गाडीवरून त्यानं आजारी शेळी दवाखान्यात नेली, बायकोला बाळंतपणाला नेलं, म्हाताऱ्या बापाला शेवटचं घरी आणलं. त्या गाडीला साडीगार्ड होतं, चाकावरची ती लोखंडी जाळी. बायकांचं लुगडं, साडी चाकात जाऊ नये म्हणून असते. घासून घासून तिचा रंग उडाला होता.

नातू ह्याच गाडीवर मोठा झाला आणि ह्याच गाडीची त्याला लाज वाटायला लागली. तो शिरवळला कंपनीत कामाला लागला. सुट्टीला वेल्ह्यात चौकात जायचा. तिथली पोरं त्याला सोडायची नाहीत.

"काय रं, आज सकाळी किती लिटर दिलं गाडीनं?"

"शेपूट उचलून बघ आधी, म्हैस हाय का रेडा."

मी बाजाराला गेले असताना हे माझ्या कानांनी ऐकलं. मला बघून एक म्हणाला, "आज्जे, नातवाला जरा मर्दाची गाडी घ्या की." मी म्हणाले, "तुझ्या आईला इचार, तुझा बाप कंच्या गाडीवर आला व्हता वरात घिऊन." पोरं हसली. नातू हसला नाही. घरी येऊन मला म्हणाला, "तू माझी आणिक इज्जत घालवली."

मुलींचा दुष्काळ आहे. आमच्यासारख्या वाडीत तर कुणी मुलगी द्यायला बघत नाही. पाणी लांब, रस्ता कच्चा, शेण रोजचं. शेवटी मार्गासनीची मुलगी ठरली. शेतकरी घर, मुलगी बारावी झालेली, स्वतः स्कूटी चालवायची. बघायला गेलो तेव्हा तिचा भाऊ बाहेर आला. त्याच्या दारात मोठी गाडी उभी होती. तो आमच्या दुधाच्या गाडीभोवती एक चक्कर मारून आला आणि बुटाच्या टोकानं टायर दाबून म्हणाला, "ही दाजींची का डेरीची?"

घरातली सगळी हसली. मुलगी आतून चहा घेऊन येत होती, तीही हसली. तेवढं नातवाला पुरलं. तिथले पोहे त्यानं तोंडात घातले नाहीत.

लग्नाच्या आधी अडीचशे सीसीची गाडी वाडीत आली. चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला, सुनेनं ओवाळलं. मागचं सीट बघून मी विचारलं, ह्याच्यावर माणूस बसतं का मांजर. उंच, निमुळतं, पुढं उतार असलेलं. त्याच दुपारी त्याचे मित्र पाने घेऊन आले आणि अंगणात गाडी उघडायला बसले. मागचा चिखल अडवायचा पत्रा काढला. मागं बसणाऱ्यानं धरायची दांडी काढली. मग साडीगार्ड काढायला घेतलं.

"आरं, ते कशापाय काढताय?"

"आज्जे, ह्यानं गाडी बायकी दिसती."

"मागं बाईच बसणार ना?"

"बसंल की. पर गाडी माझी हाय."

"आन् ती धरंल कशाला? दांडीबी काढलीस."

"मला धरंल!" असं म्हणून त्यानं मित्रांकडं बघितलं आणि सगळी हो हो करून ओरडली. मी साडीगार्ड उचललं आणि खुराड्याच्या भोकाला तारेनं बांधलं. मुंगूस येत होतं तिथनं.

आता तो म्हणाला मला धरंल, आणि धरायला तर त्याच्या बायकोला परवानगी नव्हती. आमच्यात नवी सून सासऱ्यादेखत दोन्हीकडं पाय टाकून गाडीवर बसत नाही. एका अंगाला बसते. नवऱ्याच्या कमरेला हात घालत नाही, खांद्यावरही ठेवत नाही. पदर डोक्यावर पाहिजे. वर्षभर तरी असंच. शंभर सीसीवर हे सगळं जमून जातं. दांडी असते, पाय ठेवायला पट्टी असते, चाकाला जाळी असते, आणि गाडी बैलगाडीपेक्षा जरा बरी पळते. रीत त्या गाडीच्या वेळची होती. गाडी बदलली, रीत कुणी बदलली नाही.

लग्नानंतर आंबवड्याला देवाला जायचं होतं. सकाळी नातसून माझ्याकडं आली. हळूच म्हणाली, "आजी, ड्रेस घालू का? साडीत त्या गाडीवर लई भ्या वाटतं. माझ्या स्कूटीवर असं न्हवतं."

माझ्या मुलानं ऐकलं. "देवाला ड्रेस?" एवढंच बोलला. विषय संपला.

मी म्हणाले, "मग तिला माझ्यासंगं एसटीनं यिऊ दे. नसरापूरला गाडी मिळंल." नातवानं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी त्याला हातात बांगड्या भरायला सांगितल्या होत्या. "नवी गाडी दारात आसताना बायको एसटीनं? लोक काय म्हणतील?" सूनही म्हणाली, जोडीनंच जाऊ द्या आत्याबाई. सून जनावरांसाठी घरी थांबली. मी मुलाच्या मागं बसले, नातसून नातवाच्या. डोक्यावरचा पदर वाऱ्यानं उडेल म्हणून तिनं त्याचा गळ्याभोवती एक वेढा घेतला आणि टोक मागं सोडलं. काठपदराची साडी, तिच्या आईनं दिलेली.

भोरपर्यंत नातू आमच्या मागं मागं येत होता. बाप पुढं, म्हणून त्याला मागं राहावं लागत होतं. त्याच्या गाडीचा आवाज सारखा माझ्या पाठीवर आदळत होता, दावणीला बांधलेल्या रेड्यासारखा. मी मान वळवून बघायची. ती एका हातानं पदर आणि एका हातानं सीटची कड धरून बसली होती. मी हातानं विचारलं, बरी हायस का. तिनं मान हलवली.

भोर ओलांडलं आणि आंबवड्याच्या रस्त्याला लागलो. तिथं मेंढरांचा एक कळप रस्ता ओलांडत होता म्हणून सगळे थांबले. मागून पुण्याकडच्या मोठ्या गाड्या आल्या, पाच-सहा असतील. एकानं हेल्मेटची काच वर केली, नातवाच्या गाडीकडं बघितलं, मग आमच्या गाडीकडं बघितलं आणि हसून म्हणाला, "काय दादा, काकांच्या मागं मागं? पेट्रोल संपलं का?"

वाईट माणूस नव्हता तो. थट्टा केली आणि मेंढरं गेल्यावर निघून गेला. ते सगळे एकामागं एक आवाज करत निघून गेले. नातवानं बापाकडं एकदा बघितलं आणि त्यांच्या मागं गाडी सोडली. आमच्या शेजारून गेला तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं. काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही. पदराचं टोक तिच्या मागं सरळ उडत होतं.

मुलगा म्हणाला, "जाऊ दे. तरणं रगात हाय."

दोन वळणांनंतर आम्हाला गाडी आडवी दिसली.

भोरच्या डॉक्टरांनी जेवढं होतं तेवढं करून ॲम्ब्युलन्स मागवली आणि पुण्याला पाठवलं. तिथं तिच्या गळ्याला भोक पाडून नळी घातली. मानेच्या शिरा ताणल्या गेल्या होत्या, उजवा हात मेल्यासारखा पडला होता. जगेल का, हे कुणी सांगेना. तिची आई आली आणि माझ्या पायाशी बसली. ती मला एकच विचारत होती, "आजी, तुमी व्हता ना तिथं. जगंल का?" मी म्हणाले, "मला म्हाईत न्हाई." खोटं बोलून काय करू. तिनं परत तेच विचारलं. ती दिवसभर तेच विचारत होती आणि मी तेच सांगत होते.

नातू दवाखान्याच्या बाहेर कट्ट्यावर बसून होता. रडलाही. रडला नाही असं मी म्हणणार नाही. त्याचे मित्र आले, कट्ट्यावर टेकले. मग एकानं विचारलं, "किती स्पीड व्हतं?" नातवानं आकडा सांगितला. सांगताना त्याचा आवाज जरासा वर गेला. त्याला स्वतःलाही कळलं नसेल. मी शेजारी बसले होते, मला कळलं.

"आन् गाडी?"

"गाडीला काय न्हाई. आरसा मोडलाय. इंजिन एकदम ओके."

"बरं झालं," मित्र म्हणाला. दुसऱ्यानं त्याला कोपर मारलं, तेव्हा तो म्हणाला, "म्हंजी, वहिनीबी बऱ्या व्हतील."

भेटायला आलेल्या बाप्यांनी तिथंच निकाल लावून टाकला. पदर सांभाळता येत नाही हल्लीच्या मुलींना. एक म्हणाला, शाळा शिकल्या की साडी नेसायची सवय राहत नाही. दुसरा म्हणाला, एवढ्या ताकदीच्या गाडीवर बसायचं तर माणसानं ध्यान ठेवावं. माणसानं म्हणजे तिनं. मी म्हणाले, "गार्ड काढलं व्हतं गाडीचं. दांडी काढली व्हती. धरायला तिला काय ठिवलं व्हतं?" तो म्हणाला, "आवो आजी, मोठ्या गाडीला ते कुणीच लावत न्हाई." त्याच्या बोलण्यात काही खोट नव्हती. खरंच कुणी लावत नाही. माझा मुलगा खाली मान घालून बसला होता. ड्रेस नको म्हणाला होता तो. त्यानं त्यानंतर त्या दिवसाबद्दल माझ्यापाशी तोंड उघडलेलं नाही.

नळी निघाली. ती खायला लागली, उठून बसायला लागली. दवाखान्यातून सोडलं तेव्हा तिचा बाप म्हणाला, जरा आमच्याकडं राहू दे, मग पाठवतो. आमच्याकडं कुणी नको म्हणालं नाही. उजवा हात खांद्यापासून लुळा. धार काढणार कशी, शेण भरणार कशी, हे सून माझ्यासमोर मोजत होती. आवाजही गेला होता, नुसता वारा येतो.

नातू एकदा मार्गासनीला गेला. त्याच गाडीवर. सासऱ्यानं सांगितलं, ती गाडी लांब लाव, तिला आवाज चालत नाही. तो परत आला आणि म्हणाला, "माझा आपमान केला." पुन्हा गेला नाही.

मी एसटीनं जाते. मागच्या खेपेला गेले तेव्हा ती ओट्यावर बसून डाव्या हातानं शेंगा फोडत होती. मला बघून उठायला लागली. मी म्हणाले, बस. गळ्यावर पांढरा वळ आहे आणि खाली नळीची खूण. ती बोलते ते ऐकायला तोंडाजवळ कान न्यावा लागतो.

"ते बरं हायत का?" तिनं विचारलं.

"बरा हाय. खातोय, कामाला जातोय."

"मला बोलवतील का आजी?"

"न्हाई," मी म्हणाले. "वाट बघू नगंस."

तिनं मान हलवली आणि शेंग फोडली. थोड्या वेळानं म्हणाली, "त्या दिवशी मी त्यांना धरणार व्हते. मागं मामंजी हायत म्हणून धरलं न्हाई." तिच्या आईनं चहा आणला.

निघताना दारात तिच्या भावाची गाडी उभी होती. तीच, आमच्या दुधाच्या गाडीला हसलेली. मी वाकून मागचं चाक बघितलं. चाक उघडं होतं. भाऊ बाहेर आला.

मी विचारलं, "गार्ड कुठाय रं हिचं?"

"काढलंय आजी. पहिल्यापासनंच."

"आत बहीण बसलीय तुझी."

त्यानं घराकडं बघितलं, मग गाडीकडं. त्याला राग आला नाही. त्याला खरंच वाईट वाटत होतं, डोळ्यांत दिसत होतं. "कळतंय ओ आजी," तो म्हणाला. "पर ह्या गाडीला ते शोभत न्हाई." आणि मला एसटीच्या थांब्यावर सोडतो म्हणाला. मी चालत गेले.

आता नातवासाठी परत मुली बघतात. सोडचिठ्ठीचं बोलणं दोन्हीकडून चालू आहे. लोक येतात, आधी गाडी बघतात, गाडी त्यांना आवडते. पहिली बायको कुठं आहे असं कुणी विचारलं की आमच्या घरातली माणसं म्हणतात, "ॲक्सिडेंट झाला." पुढं बोलत नाहीत. ऐकणारा च् च् करतो आणि समजून घेतो की ती मेली. ती मेलेली नाही. ती मार्गासनीत बापाच्या घरी आहे, जिवंत आहे.